बांधाखालची वाळू

धुळ्यात देवपूरला आमचं घर बांधायचं ठरलं, तेव्हा वाळू माहेराहून आणायची हा हट्ट मीच धरला होता. माहेर म्हणजे पांझरेच्या वरच्या अंगाचं, अगदी काठावरचं गाव. नवरा म्हणत होता, इथे मिळते ती घेऊ. पण मला माहेरच्या नदीचा भारी ताठा. आमच्या वाळूची सर हिला कुठली यायला! आज त्या ताठ्याची मला लाज वाटते.

गावात नदीवर जुना दगडी बांध होता. त्यानं अडवलेलं पाणी पाटातून आपसूक उतरत शेतांत जायचं, ना मोटर, ना वीज. बांधाखालच्या जमिनीचे चार भाग, त्यांना फड म्हणायचे. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्यात गहू, हे सगळं गाव बसून ठरवायचं. पाणी सोडायचं काम मात्र एकट्या पाटकऱ्याचं, आणि पाटकरी म्हणजे माझे वडील, आबा. पाळी नसेल तर ते गावच्या पुढाऱ्याच्या वावरातही थेंब जाऊ देत नसत. सख्ख्या काकांनी एकदा मधूनच पाट फोडला, तर आबांनी चारचौघांत त्यांची खरडपट्टी काढली. काका वर्षभर आमच्या दारात आले नाहीत. आबांनी त्याचं काही वाटून घेतलं नाही.

बांधाच्या पायथ्याची वाळू कुणी काढायची नाही, हाही त्यांचाच दंडक. बैलगाडी नुसती तिकडे वळली तरी अंगावर धावून जायचे. मी वाळू मागितली तेव्हा मात्र ते म्हणाले, "बांधना खाले चांगली रेती शे, माय. तठलीच लई जाय. चाळानं बी काम नही."

मी शाळेत भूगोल शिकवते. नदीचं खनन, वहन, संचयन पोरांकडून घोकून घेते. तरी आबा 'तिथलीच ने' म्हणाले त्या क्षणी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. बापाचा लेकीवर जीव आहे, एवढंच वाटलं आणि मी सुखावले.

सहा ट्रॉल्या भरदिवसा गावासमोरून गेल्या. आठवड्याभरात कुणी गोठ्यासाठी ट्रॅक्टर घातला, मग कुणी सभामंडपासाठी, मग बाहेरचे ठेकेदारच आले. आबा आडवे गेले, तर गावातलाच एक जण तोंडावर म्हणाला, "पाटकरीनी पोरले चालस, मंग आम्हले काबर नही?" आबा तसेच माघारी घरी आले, असं आईनं मला फोनवर सांगितलं. दोन-तीन वर्षांत नदीचा तळ इतका खाली गेला की बांधाच्या पायाचे दगड हिरड्या उतरलेल्या दातांसारखे उघडे पडले.

पावसाचंही तंत्र बिघडलं होतं. पूर्वी श्रावणात आठ-आठ दिवस झड लागायची, नदी सावकाश भरायची. आता महिनाभर कोरडं ऊन आणि मग वर डोंगरात एका दुपारी सगळा पाऊस कोसळतो. तसाच एक लोंढा आला आणि बांधाचा मधला भाग घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी पोचले, तेव्हा नदी खूप खालून वाहत होती आणि पाटाचं तोंड तिच्यावर पुरुषभर उंच, कोरडं राहिलं होतं. बांध पावसानं नेला की माणसांनी, असा प्रश्न पेपरात आला तर दोन्ही उत्तरांना मी अर्धे-अर्धे गुण देईन. मनातल्या मनात मात्र मी एकच उत्तर लिहीत होते.

आता गावात पाळी नाही. ज्याची बोअर खोल, त्याचं पाणी. शेजाऱ्यानं आणखी खोल नेली की याची आटते. ऊस गेला, फड नावापुरते उरले. पूर्वी दिवाळीआधी घरटी एक माणूस पाट साफ करायला यायचा. आता आबा एकटेच फावडं घेऊन जातात आणि ज्या पाटात पाणी येणार नाही त्यातलं गवत खरडत बसतात. गावातले हसतात. मला ते बघवत नाही.

यंदा मी त्यांच्यामागे गेले. फावडं त्यांच्या हातून घेतलं आणि इतकी वर्षं गिळलेलं एकदाचं बोलून टाकलं, "आबा, बांध माझ्या घरापायी गेला." आणि मला रडूच फुटलं.

ते पाटाच्या कडेला बसले. "तुन्या सहा ट्रॉल्यासघाई बांध पडस का, येडी?"

मला बरं वाटलं. डोळे पुसून मी त्यांच्याशेजारी बसले. ते माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाले, "चाळीस वरीस मी बठ्ठा गावले 'नही'च सांगं. एकच डाव 'हां' सांगं. ते बी तुले."