एक निरोप सोडून सगळे

आई गेल्यावर पाचव्या महिन्यात धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला. "ताई, आण्णांसाठी बोलणारा स्पीकर घेऊ. घरात ठेवायचा. तोंडानं सांगितलं की सगळं करतो."

वडील येरमाळ्याजवळ आमच्या शेतातल्या घरात एकटेच राहत होते. काचबिंदूनं त्यांची नजर इतकी गेली होती की समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण ते कळायचं नाही. टीव्ही त्यांच्या कामाचा राहिला नव्हता. मोबाइलची काच बोटांना सगळीकडं सारखीच लागायची. आलेला फोन कसाबसा उचलायचे, स्वतः लावता यायचा नाही. माझ्याकडं कळंबला चला म्हटलं तर "बघू पुढच्या महिन्यात" म्हणायचे. पुण्याचं तर नावच नको. शेजारच्या वस्तीवरची काकू दोन वेळा भाकरी-कालवण आणून द्यायची, दोन शब्द बोलायची आणि जायची. बाकीचा दिवस त्यांचा त्यांनाच काढावा लागायचा.

भावाचं म्हणणं होतं की घरातला स्पीकर वेळ सांगेल, बातम्या सांगेल, अभंग लावेल आणि आण्णा कधी पडले तर नुसत्या हाकेवर आम्हाला फोनही लावेल. मी म्हणत होते की वस्तीवर वीज कधी असते, कधी नसते, नेटचंही तेच. त्यापेक्षा बॅटरीवर चालणारा, बटणं चाचपून दाबता येतील असा छोटा स्पीकर द्यावा, म्हणजे त्यांना तो रानात नेता येईल. आठवडाभर आम्ही भांडलो. खरं तर आई गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांशी इतकं कधी बोललोच नव्हतो. शेवटी तो म्हणाला, "तू दुकानात जाऊन दोन्ही बघ आणि तुला पटेल तो घे."

शाळा सुटल्यावर मी कळंबच्या बाजारातल्या एका दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा होता, त्याची मुलगी माझ्या हाताखाली शिकून गेलेली. त्यानं लोट्याएवढा एक स्पीकर काउंटरवर ठेवला, माझा फोन मागून घेतला आणि ब्लूटूथ जोडून परत दिला. "लावा मॅडम, कायपण लावा. आवाज बघा कसा मोकळा हाय."

भावानं सकाळी एका भजनाची लिंक पाठवली होती. ती शोधायला मी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. आईला लिहिता येत नव्हतं. ती मला रोज बोलून निरोप पाठवायची. ते सगळे फोनमध्ये तसेच होते, सगळ्यात वर पिन केलेले. मी ते कधी उघडत नव्हते आणि तिथून काढतही नव्हते. त्या दिवशी घाईत अंगठा तिच्या नावावर पडला. मागं यायला गेले तर बोट भलतीकडंच लागलं.

"अगं, शाळंत हाईस का?" आई म्हणाली.

सगळ्या दुकानात तिचा आवाज भरला. चार्जर बघत उभा असलेला एक माणूस वळून दाराकडं बघायला लागला. दुकानदारानंही मान वर करून दाराकडंच बघितलं. आई बोलतच होती, पण तिच्या चालीनं नाही. कुणीतरी मागं लागल्यासारखी भरभर बोलत होती. "कालपसनं पाठीत लई कळ निघतीया बघ, अन् डावा हात..."

मी फोन उलटा केला, सुलटा केला, काय दाबलं ते मला आठवत नाही. दुकानदारानंच स्पीकरचं बटण दाबून तो बंद केला. "आई का?" त्यानं हळूच विचारलं. आईच्या दहाव्याला तो येऊन गेला होता.

"हा नको," मी म्हणाले. "तो दुसरा द्या. घरात ठेवायचा."

तो निरोप कुठला, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आई गेली त्याच्या आदल्या दिवशीचा, गुरुवारचा. तिसरा तास संपून चौथा सुरू व्हायच्या मधे, वर्गाच्या दारात उभी राहून मी तो दुप्पट वेगानं ऐकला होता. तिचे सगळेच निरोप मी तसे ऐकायची. ती फार सावकाश बोलायची आणि मला कायम घाई असायची. ऐकून झाल्यावर मी तिला अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि वर्गात गेले. संध्याकाळी फोन करू म्हणाले आणि विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी करता करता चुलीपुढंच कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. आधी काही त्रास होत होता का, असं त्यांनी आम्हाला विचारलं. मी मान हलवली, नाही म्हणून. वडील खाली बघत बसले होते.

घरातला स्पीकर मी रविवारी वस्तीवर नेऊन मधल्या खोलीतल्या फळीवर बसवला. भाऊ व्हिडिओ कॉलवरून सांगत होता. त्या यंत्राला मराठी नीट कळत नव्हतं, ते हिंदीत बोलायचं, बाईच्या आवाजात. आणि त्याला हाक मारायची तर आधी त्याचं नाव घ्यावं लागायचं.

"आण्णा, नाव घ्या आणि मग काय पाहिजे ते सांगा," भाऊ म्हणाला.

वडील फळीच्या दिशेनं तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "बाईमाणसाला घरात नावानं हाक मारू व्हय?"

"बाई नाही ती, मशीन आहे."

"असू दे."

आईचं नाव मी त्यांच्या तोंडून जन्मात कधी ऐकलं नाही. हाक मारायची झाली की ते "ऐकलं का?" एवढंच म्हणायचे आणि घरात कुठंही असली तरी आई "ओ" द्यायची.

आठ दिवसांनी काकूचा फोन आला. "तुझा बाप मधल्या खोलीत जाईना गं. दिसभर ओट्यावर बसतोय. अन् ते तुमचं यंत्र न बोलवता बोलतंय. मी भांडी घाशीत पोरीशी फोनवर बोलत हुते, तर आतून बाई म्हणती, माफ कीजिए, मुझे समझ नहीं आया. माझ्या हातातलं पातेलं पडलं."

मी पुढच्या रविवारी गेले. दुपारची वेळ होती, अंगणात लख्ख ऊन होतं. चपला काढत होते तोच आतून वडिलांचा आवाज आला.

"ऐकलं का?"

थोडा वेळ गेला. पुन्हा म्हणाले, "ऐकलं का?"

मी दारातून डोकावले. ते मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभे होते, एक हात चौकटीवर. तोंड फळीकडं नव्हतं, पलीकडं चुलीकडं होतं. यंत्र गप्प होतं. मी पाय न वाजवता परत अंगणात आले. मग मुद्दाम मोठ्यानं खोकून आत गेले. ते कुणाला हाक मारत होते, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

जेवताना ते म्हणाले, "ते काढून ने. ती सारखी माफी कशाची मागती?"

"काढते."

"अन् हातात धरून रानात न्यायजोगं काय मिळत असंल तर बघ." घास हातात तसाच धरून ते थांबले. "त्यात हिचं बोलणं घालून दे. रोज तुझ्याशी त्या फोनात बोलायची. असंल ना तुझ्याकडं?"

"आहे," मी म्हणाले.

त्याच दुकानातून मी तो लोट्याएवढा स्पीकर आणला. शाळेतल्या कॉम्प्युटरवर बसून मी आईचे निरोप एकेक करून मेमरी कार्डावर घेतले. दोन शनिवार गेले त्यात, कारण प्रत्येक निरोप ऐकल्याशिवाय पुढं जाववत नव्हतं. शेवग्याच्या शेंगा यष्टीनं पाठवल्यात, कंडक्टरकडून घे. गाय व्याली. यात्रेच्या आधी देवीआईच्या देवळात गर्दी न्हाय तवर येऊन जा. आज तू बोललीच न्हाईस. या वेळी मी सगळे तिच्याच चालीनं ऐकले. गुरुवारचा तेवढा सोडला. त्याला हात लावला नाही.

वडिलांना दोन बटणं शिकवली, एक लावायचं आणि एक पुढं जायचं. तो स्पीकर त्यांनी लगेच आपलासा केला. सदऱ्याच्या खिशात मावत नव्हता म्हणून गळ्यात पिशवी अडकवून त्यात ठेवायचे आणि काठी टेकत हरभऱ्याच्या बांधावर जाऊन बसायचे. मी घराकडं येताना पाणंदीतूनच आईचा आवाज कानावर पडायचा. दरवेळी पाय थबकायचे. पिकातून, उन्हातून तिचं बोलणं यायचं आणि क्षणभर वाटायचं, आता ती पदरानं तोंड पुसत बांधावरून येईल.

तीन आठवडे झाले असतील. मी बांधावर त्यांच्याशेजारी बसले होते. त्यांनी स्पीकर बंद केला.

"समदं ऐकलं म्या. एक न्हाय त्यात."

"कुठलं?" मी विचारलं. मला ठाऊक होतं.

"बेस्तरवारचं. ती गेली त्याच्या आदल्या दिसाचं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"म्या दाराआड हुतो. तिला वाटलं, म्या हौदाकडं गेलोय. पाठीत कळ निघती, हात जड पडलाय, समदं म्या ऐकलं. अन् ह्यांना सांगू नको म्हणली तुला." ते काठीनं माती उकरत होते. "तिला सांगायचं न्हाय तर कशाला इच्यारावं, म्हणलं. लेकीला सांगितलंय. लेक शिकलेली हाय, ती बघंल. असं म्हणून गप बसलो. रात गेली अन् सकाळी..."

त्यांची काठी मातीत थांबली.

"मी ऐकला होता तो, आण्णा," मी म्हणाले. "घाईत ऐकला. आणि नुसता अंगठा पाठवला."

"अंगठा म्हंजी?"

त्यांना ते चित्र कधी दिसलं नव्हतं. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला, बोटं मिटवली आणि अंगठा तेवढा वर उभा केला. त्यांनी डाव्या हातानं तो चाचपून बघितला.

"ह्याचा अर्थ काय?"

"बरं, कळलं. असा."

त्यांनी मूठ उघडली नाही. तशीच मांडीवर ठेवून बसले. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते एवढंच म्हणाले, "लाव ते. हळू लाव, ती बोलायची तसं."

मी फोनवरचा वेग कमी केला आणि निरोप लावला.

"अगं, शाळंत हाईस का? कालपसनं पाठीत लई कळ निघतीया बघ, अन् डावा हात जड पडलाय. वजन उचललं असंल कायतरी. शनवारी येतीस तवा दवाखान्यात जाऊन येऊ आपण. ह्यांना सांगू नको, त्येंचं आधीच डोळ्याचं चाललंय."

इथं निरोप संपला, असं मला इतके महिने वाटत होतं. तो संपला नव्हता. पुढं कितीतरी वेळ ती काहीच बोलत नव्हती. तिचा श्वास ऐकू येत होता, धाप लागल्यासारखा. कोंबडी ओरडली. ती काय म्हणावं याचा विचार करत होती, की दुखणं थांबायची वाट बघत होती, कळत नाही. त्या दिवशी दुप्पट वेगात ती गप्प झाली तशी मी निरोप बंद करून अंगठा पाठवला होता. त्या शांततेत मागं कुणीतरी हळूच घसा खाकरला.

"ते म्या," वडील म्हणाले.

मग आई म्हणाली, "लवकर आलीस तर बरं हुईल. न्हायतर ऱ्हाऊ दे, तुझी शाळा असंल."

वडिलांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. मी रडले, मोठ्यानं रडले. रानात ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी मला गप्प केलं नाही, माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. तुझी चूक नव्हती, असंही म्हणाले नाहीत. मीही त्यांना तसं म्हणाले नाही. उठताना ते म्हणाले, "हेबी त्यात घाल. तिचं बोलणं हाय ते."

त्या संध्याकाळी मी भावाला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "मला पाठव." मी पाठवला. ऐकल्याची खूण आठवड्यानंतर दिसली. त्याबद्दल तो माझ्याशी अजून बोललेला नाही, पण आता दर रविवारी पुण्याहून येतो आणि वडिलांना धरून रानातून फिरवून आणतो.

मागच्या शनिवारी काकू आमच्या हरभऱ्यात भाजी खुडत होती. बांधावर वडिलांनी स्पीकर लावला होता. आईनं माझ्यावर रुसून पाठवलेला एक निरोप लागला. "अगं, कुठं हाईस? हाईस का न्हाईस?"

"हाय की हितं," काकू वाकल्या वाकल्या म्हणाली.

म्हणाली आणि ताठ उभी राहिली. हातातली भाजी खाली पडली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पिशवीकडं. मी वडिलांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "बंद करू का?"

"नको," काकूच म्हणाली. ती हळूहळू बांधापर्यंत आली आणि पदर सावरून वडिलांपासून चार हातांवर टेकली. "बोलू दे तिला."