मोटेचा पाय
सन १९४६, मी चोवीस वर्षांचा. लढाईत डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. तेल लावलेल्या चामड्याचा वास आला की अजून लष्कराचं ते केंद्र आठवतं. तिथं पट्टे बांधून मला लाकडी पाय बसवला. चालायला शिकवणारे मास्तर गुळगुळीत फरशीवर चालवायचे, पण मी अडून बसलो. "मास्तर, फरशीवर मोट कोण हाकतं? इहिरीवर बैलं चालत्यात ती धाव उताराची असतीया." मास्तर हसले, "लय हट्टी हायस गड्या!" आणि अंगणात मातीचा उतार घालून दिला. बैलांच्या जागी एकेक हात गेलेले दोन जवान दोर ओढायचे. मी पडलो की तेच हंबरायचे. उंब्रजला घरी आलो, तर थोरला भाऊ म्हणाला, "तू सावलीत बस रं, मोटंला गडी ठेवलाय." मी नुसतं बरं म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गड्याला सावलीत बसवलं आणि मोट मी हाकली.