पाव्हण्याचं तोंड

रुग्णवाहिका चालवणाऱ्या माणसाला किळस परवडत नाही. गाडीच्या मागच्या भागात लोक काय काय सांडून जातात, ते मी पंगतीत रंगवून सांगायचो. शेजारच्याने ताटावरून हात मागे घेतला की माझ्या कलेचं चीज झालं असं मला वाटे. एका लग्नात मी असंच बोलून तिघांची बासुंदी वाचवली, म्हणजे माझ्यासाठी. तेव्हापासून नातेवाईक मला शेवटच्या पंगतीत, भिंतीकडे तोंड करून बसवतात.

अशा मलाही चाळिशी उलटल्यावर खरी, पोटाच्या तळातून उसळून येणारी किळस भेटली. तीही एका रबरी पुतळ्याकडून.

मी ज्या दवाखान्याची गाडी चालवत होतो, तिथले डॉक्टर म्हणाले, "नुसतं स्टेअरिंग येऊन आता भागत नाही. मागचा पेशंट बंद पडला तर त्याला चालू करता आलं पाहिजे." बीडमध्येच एका कॉलेजात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ होण्याचा वर्षाचा अभ्यासक्रम होता, म्हणून मी पुन्हा दप्तर घेतलं. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर सगळी पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, सर आले. मीही त्यांचा हिरमोड न करता अर्ध्या वर्गाची हजेरी घेतली. तेवढ्यात खरे सर आले.

कॉलेज म्हणजे कापडाच्या दुकानावरचा मजला. प्रात्यक्षिकाच्या खोलीत लोखंडी कपाट, आणि कपाटात तो पुतळा. कमरेच्या वरचा अर्धा माणूस. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड मात्र कायम उघडं. त्याची छाती दाबायची, नाक चिमटीत धरायचं, तोंडाला तोंड लावून फुंकायचं. छाती वर आली तर श्वास आत गेला. सगळे त्याला पाव्हणं म्हणायचे, कारण तो आला तेव्हापासून आडवाच होता आणि सगळ्यांकडून अंग दाबून घेत होता.

फुंकताना मध्ये ठेवायचे प्लास्टिकचे पडदे असतात, ज्याचा त्याला एक. ते पहिल्या काही आठवड्यांत संपले. हवा भरायची पिशवी होती, पण तिचं रबर चिरलेलं. "मागवलंय," सर म्हणायचे, "तोपर्यंत स्पिरिटचा बोळा फिरवा आणि घ्या उरकून." बोळाही सकाळपासून एकच असायचा. सुरुवातीला पांढरा, दुपारपर्यंत विटकरी.

विटकरी, कारण वर्गातल्या बऱ्याच पोरांच्या गालात गुटखा. पाव्हण्याचे ओठ मुळात गुलाबी होते म्हणे. मी पाहिले तेव्हा ते काताच्या रंगाचे झाले होते आणि हनुवटीवर एक वाळलेला ओघळ होता. जवळ गेलं की आधी लवंग, मग कुणाच्या तरी डब्यातला लसूण, आणि त्याखाली ओल्या रबराचा, शेवाळलेल्या टाकीसारखा वास. पहिल्यांदा मी तोंड लावून फुंकलं आणि उठलो, तर माझ्या दाढेखाली काहीतरी कटकन वाजलं. सुपारीचं खांड होतं.

मी सुपारी खात नाही.

हा प्रसंग मी आजवर पंगतीत सांगितलेला नाही, कारण तो आठवला की माझाच हात ताटावरून मागे येतो.

वर्गात घाटनांदूरची एक मुलगी होती. घरचं किराणा दुकान. गळ्यात चांदीच्या करंड्यातलं लिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. उष्ट्याचं तिला भारी वावडं. स्वतःची स्टीलची बाटली, तीही वर धरून प्यायची, ओठ लावून कधी नाही. हॉटेलात चहाला गेलो तरी ती कप आधी उजेडात धरून आत बघे, मग स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने विसळे, पुन्हा बघे. हॉटेलवाला तिला पाहिलं की कप आतून पुसायला घ्यायचा.

पण छाती दाबायला बसली की वर्ग गप्प व्हायचा. कोपर सरळ, खांदे बरोबर वर, चाल एकसारखी. एवढीशी पोर, पण तिने दाबायला घेतलं की पाव्हण्यातली स्प्रिंग करकर वाजे. फुंकायची वेळ आली की मात्र ती वाकायची, केस पुढे सोडायची आणि केसांच्या पडद्यामागे गाल फुगवून बाजूला हवेत फू करायची. सर तेव्हा बहुतेक फोनवर असत. मी फोनवर नव्हतो.

"छाती वर आलीच न्हाई की, पोरी."

"काका, गप बसा. तुमाला कावून लागतंय?"

"मला न्हाई, त्याला लागतंय. श्वास."

ती मला गॅलरीत घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबांनी येकच वर्ष दिलंय. नापास झाले की परत दुकानात बसायचं आन् मग येतील त्या पाव्हण्यांपुढं पोहे घेऊन जायचं. मला तुमच्यासारखं गाडीत जायचंय. मागं, पेशंटपाशी."

"मागं काय असतंय ते ठावं हाय का तुला? वकारी, रगत, लाळ..."

"खऱ्या माणसाचं मी समदं करीन. ह्या मेल्याचं न्हाई."

"अगं, मेलेल्यालाच फुंकायचं असतंय!"

ती हसली नाही. मला वाटलं, ही पोर परीक्षेत नापास होणार, आणि तेही फक्त एका ओठाच्या अंतरासाठी.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं पुजलं जातं. मी खाली रस्त्यावर माझ्या गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. वर पोरांनी स्ट्रेचर, ऑक्सिजनचं सिलिंडर आणि पाव्हणं मांडलं. पूजेचा पुढारी होता तलवाड्याकडचा एक आडदांड गडी, घरी बरीच जमीन असलेला. त्याने घरून डबा भरून पुरणपोळ्या आणल्या होत्या, वर तुपाची वाटी. त्या डब्यावर माझा सकाळपासून डोळा. मी घाईघाईने नारळ फोडून वर गेलो, तर डबा रिकामा.

"पोळ्या कुठं गेल्या रे?"

"पाव्हण्याला निवद दावला, काका."

"दावला ना? मग उरल्या कुठं?"

"आमी पन खाल्ल्या की. आन् पाव्हण्याला आग्रह केला जरा."

सगळी पोरं खिदळली. पाव्हण्याच्या कपाळावर कुंकू, छातीवर झेंडूचा हार, आणि ओठांवर, हनुवटीवर तुपाची चकाकी. चेहऱ्यावर आलेली ती तृप्ती मी पाहिली, पण माझं सगळं लक्ष त्या रिकाम्या डब्याकडे होतं. सरांनी फोटो काढला, हार उतरवला, पाव्हण्याला कपाटात घातलं आणि कुलूप लावलं. "आता परीक्षेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. वस्तू महाग आहे."

मग दिवाळीची सुट्टी. पाव्हणं कपाटात, बंद.

परीक्षेच्या सकाळी सरांनी कुलूप काढलं आणि तसेच दोन पावलं मागे आले. त्या वासाचं वर्णन मला येतं, आणि न करणं मला जमत नाही. आंबलेल्या ताकात सांडशी गंजत ठेवावी, त्यात मेलेली पाल घालावी, आणि वर वेलदोडा. वेलदोडाच सगळ्यात वाईट. घाण घाणीसारखी वागली तर सहन होते, पण ती मधूनच सणासारखी वास मारायला लागली की पोट बंड करतं. "उंदीर मेला असेल," असं म्हणत सरांनी जाईच्या वासाचा फवारा मारला. आता उंदीर नवरदेवासारखा वास मारू लागला.

बाहेरून आलेले परीक्षक सडपातळ, पांढऱ्या बुटांचे. ते खिडकीशी खुर्ची ओढून, नाकाला रुमाल लावून बसले. "पहिला चला."

पहिला तलवाड्याचा गडी. त्याने छाती दाबली, डोळे मिटले, श्वास कोंडला आणि फुंकलं. गाल फुगले, मान लाल झाली, छाती जागची हलली नाही. "पुन्हा," परीक्षक म्हणाले. दुसऱ्यांदा पाव्हण्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून काहीतरी तपकिरी, दाट, हळूच बाहेर आलं आणि गड्याच्या मिशीला लागलं. तो उठला, परीक्षकांना ओलांडून खिडकीपाशी गेला आणि खालच्या दुकानाच्या ताडपत्रीवर मोकळा झाला.

"कोन हाय रे वर?" खालून दुकानदार ओरडला. "गिऱ्हाईक उभं हाय माजं!"

दुसऱ्याचं तेच, फक्त तो खिडकीपर्यंत पोचला नाही. मग मी. मी म्हटलं, आपण गाडीत काय काय पाहिलंय, हे तर रबर आहे. डोळे गच्च मिटून मी जोरात फुंकलं. माझ्या फुंकरीला आतून उत्तर आलं. माझाच श्वास, महिनाभर मुरलेला, वेलदोड्यासकट परत माझ्या घशात. मी बाजूला झालो आणि भिंतीला टेकलो. छाती वर आली की नाही, हे मला विचारायचंही सुचलं नाही.

"आली नाही," परीक्षकांनी आपणहून सांगितलं. "या कॉलेजात कुणाला फुंकता येतं का?"

सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. आता घाटनांदूरच्या पोरीची पाळी. मला तिच्याकडे बघवेना. कुणाच्याच फुंकरीने छाती वर आली नाही म्हटल्यावर आज तिची केसांची युक्तीही चालणार नव्हती. परीक्षक खुर्ची पुढे ओढून छातीवर नजर लावून बसले होते.

तिने केस मागे घट्ट बांधले. हातमोजे चढवले, गुडघ्यांवर बसली, पाव्हण्याची मान मागे केली, जबडा उघडला. मग हॉटेलात कप धरते तसं त्याचं डोकं दोन्ही हातांनी उजेडाकडे वळवलं आणि आत बघितलं.

फुंकण्याआधी तोंडात बघा, हे पुस्तकात होतं, सर सांगत, आम्ही पाठही केलं होतं. पण आम्ही तिघं डोळे मिटून गेलो होतो.

"आत कायतरी हाय," ती म्हणाली आणि ट्रेमधला चिमटा घेतला. आधी एक काळपट गोळा आला, त्यावर हिरवी लव. मग दुसरा, मुंग्यांसकट. मग तुपात चिकटलेली गुटख्याची चिंधी झालेली पुडी. शेवटी एक झुरळ, तेवढं आपल्या पायांनी आलं, क्षणभर पाव्हण्याच्या ओठावर थांबलं आणि पांढऱ्या बुटांच्या दिशेने निघालं. परीक्षकांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

"हे काय आहे?"

मग खिडकीकडून, पडलेल्या आवाजात, "निवद हाय, सर."

पोर अजून उठली नव्हती. तिने नवा कापूस घेतला, स्पिरिटने ते तोंड आतून, बाहेरून, पुन्हा आतून पुसलं. हनुवटीवरचा जुना ओघळही घासला. गोळे निघाले होते, पण वास तिथेच होता, काताचा रंग तिथेच होता, आणि वर्षभराचं सगळ्यांचं उष्टं तिथेच होतं. मग तिने नाक चिमटीत धरलं, वाकली आणि ओठ लावले. अंतर न ठेवता.

पाव्हण्याची छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली.

तिने दाबायला घेतलं. करकर, करकर. पुन्हा वाकली, पुन्हा फुंकलं. परीक्षकांनी पाय खाली न घेताच सांगितलं, "तुम्ही पास. तोंडात न बघता फुंकणारे सगळे पुन्हा येतील."

ती सरळ चालत गॅलरीतल्या नळापाशी गेली आणि तिथे बराच वेळ वाकून राहिली. मीही मागून गेलो. मलाही नळाचं काम होतं.

चुळा भरून झाल्यावर तिने पिशवीतून स्टीलची बाटली काढली आणि, मी बघत असताना, तोंड लावून गटागटा प्यायली. मग तीच बाटली माझ्यापुढे धरली.

"घ्या, काका. लावा तोंड, चालतंय आता. कधीपासनं येऊ गाडीवर?"

"डॉक्टरला इचारतो," मी म्हटलं आणि बाटली घेतली. तिच्या काठावर पाणी चमकत होतं. मला ती हिरवी लव आठवली, ती मिशी आठवली. माझा हात आपोआप वर गेला, आणि मी बाटली डोक्याच्याही वर धरून पाण्याची धार सोडली.

"आवं काका! त्या तोंडात तुमच्यामागून फुंकलंय मी. किळस मला याया पायजे का तुमाला?"

मला ते पटलं. तरी मी वरूनच प्यालो, आणि अर्धं पाणी सदऱ्यात गेलं.