महंतांच्या हौदातला नवरदेव

फूलवती केवट चंबळेच्या वाळूत कलिंगडं लावायची, नाव वल्हवायची आणि बोलायला लागली की पलीकडच्या काठावरच्या बकऱ्या कान टवकारायच्या. नवरा खेमचंद तिच्या काखेत मावेल एवढा. गाव त्याला 'साल' म्हणायचं, कारण नदीतल्या साल कासवांतही मादी परातीएवढी थोराड, मातकट. नर तिच्या निम्मा. हे नाव कानावर पडलं की खेमचंद जेवायचा नाही.

फाल्गुनात कुणाच्या तरी जाळ्यात सालाचा नर सापडला. माथा कुंकवासारखा लालभडक, गालांवर निळी झाक, मानेवर लाल पट्टे, गळ्याखाली दोन पिवळे ठिपके.

"टिळा लावून भगवंत आले!" महंत जगतदासांनी आरोळी ठोकली आणि त्याला मंदिराच्या हौदात सोडलं. घंटा, खीर, गर्दी. कासव आपलं भिंतीवर नखं घासत बसलं.

फूलवती खेमचंदला घेऊन आली, हौदात डोकावली आणि पोट धरून हसली.

"महाराज, हा कसला भगवंत? हा तर बायकोसाठी नटलाय!"

"दूर हो! बायकांनी शिवायचं नाही. बालब्रह्मचारी आहेत ते."

"एवढी रंगरंगोटी करून ब्रह्मचारी? आमचा हा वरातीत आला तेव्हा अस्साच होता. लाल फेटा, पिवळा रुमाल, डोळ्यांत बोटभर काजळ. आणि माझ्या गळ्यात हार घालायला पाटावर चढला!"

सगळी गर्दी खदखदून हसली. खेमचंदचे कान तापले. तो परत फिरेल असं सगळ्यांना वाटलं. त्यानं चपला काढल्या आणि हौदात उडी मारली.

"अरे, काय करतोस!" महंत ओरडले.

"याची बायको वाट बघत असेल, महाराज," खेमचंद म्हणाला. "आणि ती केवढी असते, माहितीय ना? तुम्हाला जाब विचारायला इथं आली तर?"

कासवानं त्याच्या मनगटावर ओरखडा काढला. त्यानं ते उपरण्यात गुंडाळून नदीत सोडलं. मागे वळूनही न बघता ते तळाला गेलं. फूलवतीनं सगळ्यांदेखत नवऱ्याच्या हाताला हळद लावली.

महंतांनी तिच्या नावेत पाय न ठेवण्याची शपथ घेतली. पण पुढच्या पंधरवड्यात पलीकडच्या गावी साजूक तुपातल्या लाडवांचं जेवण निघालं. नाव तिथं एकच. फूलवतीनं त्यांना आदरानं मधोमध बसवलं आणि हातात डबा दिला.

"तळाला गळती आहे, महाराज. पाणी उपसत राहा, नाहीतर लाडू राहतील."

महंत पलीकडे पोचेपर्यंत उपसत होते.