चाल कुणाला, एक सूर कुणाला

संपतनं वीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला. आता तो दिवसभर नवीन जालन्यात बियाण्यांच्या गोदामात पोती रचतो आणि संध्याकाळी शाळेच्या खोलीत चार आवाजांचं गाणं शिकवतो, म्हणजे चार गट एकाच वेळी वेगवेगळे सूर गातात ते. चर्चमधल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून तो ते शिकला. फी घेत नाही. फुकट शिकवणाऱ्यावर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. त्यात आमच्या वस्तीतली नंदाबाई म्हणाली, "ताई, आठ दिवसांवर अंबडचा कार्यक्रम आला, संपत मला अजून चाल गाऊ देईना." मग मी जाऊन बसलेच.

पाहते तर काय, गाण्याची चाल पहिल्या आवाजाला. तिथं शालू मॅडम आणि त्यांच्या ऑफिसातल्या बाया. खालचे दोन आवाज पुरुषांचे. आणि दुसऱ्या आवाजात आमच्या बाया. अख्ख्या कडव्यात एकच सूर, फार तर शेजारच्या सुरावर जाऊन परत! नंदाबाई शालूच्याच ऑफिसात झाडू मारते. माझं डोकं सणकलं.

"संपत, तू आमच्यातलाच ना रे? मंग चाल त्यांना अन् आपल्या बायांना नुसती घरघर?"

"ताई, कायदाच हाय तसा. गाणं पुढं सरकलं अन् आपला सूर तिथंबी बसला, तर तो सोडायचा न्हाई. न्हाईच बसला तर जवळच्यावर जायचं. उड्या मारायच्या न्हाईत."

"कायदा केला कुणी?"

तो हसला. पेटीवर त्यानं सा आणि प धरले, मग रे आणि ध. "हे बी मना हाय. दोघं असे सारख्याच अंतरानं संगं चढले, की चारातला एक गायब झाल्यावानी वाटतंय. चार ठेवले तर चार ऐकू आले पाहिजेत."

इतकं गोड बोलतो म्हटल्यावर संशय वाढलाच. "दुसरा आवाज गप्प ठेव," म्हटलं. गाणं पोकळ झालं, ते मलाही कळलं. पण मी सोडणारी नव्हते.

"नंदाबाईचा आवाज वर किती जातो, कधी ऐकलास?"

पेटीचा भाता थांबवत तो म्हणाला, "पहिल्या दिवशी ज्या मागच्या सतरंजीवर बसल्या, त्यांना दुसरा आवाज दिला."

"आणि त्या मागं का बसल्या, ते तुला ठाऊक न्हाई?"

"अहो ताई, गाण्यात कशाला राजकारण?" शालू म्हणाली.

"मंग मॅडम, तुम्ही या ना मागं."

"तुमचं भांडण होऊ द्या," नंदाबाई उठली. "संपत, सूर दे." ती एकेक सूर चढत गेली आणि शालू जिथं थांबायची, त्याच्या दोन सूर वर जाऊन उभी राहिली. संपतचा चेहरा उतरला. "चुकलंच, अक्का. पुढं या."

शालू मागं गेली. दुसरा आवाज गाताना पहिल्याच ओळीत घसरून चालीवर आली. परत गायली, परत घसरली.

"ह्यांना जमत न्हाई," नंदाबाई म्हणाली. "अंबडला दुसरा आवाज मीच धरते. पन माझ्या मर्जीनं. अन् पुढच्या गाण्याची चाल माझी."

संपत हो म्हणाला. मी ते त्याच्याकडून वहीत लिहून घेतलं, सहीसकट.