दुष्काळात सोडलेली भाकर

डॉक्टरीणबाईंनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, स्पिरिटच्या दिव्यावर उकळलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि पुन्हा उकळलं. बघता बघता निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि मग भट्टीतल्या विटेसारखं लाल. बाईंनी नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "पहिलं मूल केवढं होतं?"

मला पाचवा महिना होता. पहिलं लेकरू दोन वर्षांपूर्वी गेलं होतं. दिवस पुरे भरले, मग एका सकाळी पोटातली हालचाल थांबली, आणि ते आलं तेव्हा त्यात जीव नव्हता. मुलगा होता. सुईण म्हणाली होती, एवढं भरलेलं लेकरू मी कधी पाहिलं नाही.

"मोठं होतं," मी म्हणाले. "खूप मोठं."

"असणारच. तुझ्या लघवीतून साखर जाते आहे. तेव्हाही जात असणार."

माझे यजमान दाराशी उभे होते. वाशीमला एका कचेरीत ते शिपाई होते, तिथंच एका खोलीत राहायचे आणि शनिवारी किन्हीराजाला घरी यायचे. त्यांच्याच सांगण्यावरून मी दवाखान्यात आले होते.

बाईंनी सांगायला सुरुवात केली. भाकर सकाळी चतकोर, संध्याकाळी चतकोर, त्याच्यावर नाही. भात बंद. गूळ, साखर, बटाटा, रताळं बंद. "पोट भरायचं ते अंड्यांवर. मटण, मासे मिळतील तेव्हा खायचे."

"मी खात नाही."

"काय खात नाहीस?"

"यातलं काहीच."

माझी आई मी लहान असतानाच गेली. वडिलांनी मला वाढवलं. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी जीव मारून खाणं सोडलं, आणि ते कुणाला सांगत सुटले नाहीत, नुसतं पाळत राहिले. त्यांच्याबरोबर मीही तशीच वाढले. सासरी सगळे खायचे, त्यांना मी रांधूनही द्यायची, पण घास माझ्या तोंडात जायचा नाही. हे सगळं बाईंना एवढं लांबवून सांगता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "उलटून पडतं, बाई."

त्या चिडल्या. मग नळी खाली ठेवून म्हणाल्या, "मग कठीण आहे, पण होईल. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, तीळ, दही, ताक, हिरवा पाला मिळेल तेवढा. दर आठवड्याला घरी तपासायचं. निळं राहिलं तर चांगलं, हिरवं चालेल. लाल दिसलं तर त्याच दिवशी निघून यायचं. मग अकोल्याला पाठवून इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल." त्यांनी नळी, औषधाची बाटली आणि स्पिरिटचा छोटा दिवा कागदात गुंडाळून दिला.

मालेगावला गाडी बदलली. खिडकीतून रानं दिसत होती, काळी, उघडी, मधेच करपलेल्या ज्वारीची बोटभर ताटं. दुष्काळाचं साल होतं. मराठवाड्याइतके हाल आमच्याकडे नव्हते, पण घरातली ज्वारी संपली होती आणि रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळत होता. त्याच्या भाकरीला ना रंग ना चव, तरी लोक रांगेत भांडून तो घेत होते. आणि मी भाकर सोडणार होते.

"मायले कसं सांगाचं?" गावाजवळ आल्यावर यजमान म्हणाले.

"तुम्हीच सांगा."

त्यांनी सांगितलं. सासूबाई खडी फोडून नुकत्याच आल्या होत्या. सरकारनं रस्त्याचं काम काढलं होतं, गावातले निम्मे लोक तिथं जायचे. हातातल्या चिंध्या सोडता सोडता त्यांनी ऐकून घेतलं.

"पोटुशीनं भाकर सोडाची?" त्या म्हणाल्या. "कोन्या शान्या बाईनं सांगतलं हे?"

"डॉक्टर हाये ते, माय."

"असन. तिच्या घरात दुष्काळ नसन." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पह्यलं कशानं गेलं, ते मले माहीत हाये. तू काई खात नाई म्हनून गेलं. अंडं नाई, मटन नाई. लेकरू उपाशी मेलं पोटात. आता भाकरबी सोडतं म्हंतं."

दोन वर्षं त्यांच्या मनात ते होतं हे मला माहीत होतं. तोंडावर पहिल्यांदा आलं. यजमान सोमवारी परत वाशीमला गेले आणि घरात आम्ही दोघीच राहिलो.

सकाळी त्या कामावर जाण्याआधी टोपलीत माझ्या दोन भाकरी झाकून ठेवायच्या. मी चतकोर मोडून घ्यायची. संध्याकाळी त्या टोपली उघडून बघायच्या आणि उरलेलं स्वतः खायच्या. मी हरभऱ्याची डाळ भिजवून वाटायची, तव्यावर तिची जाड धिरडी टाकायची. शेंगदाण्याचं कूट घालून शेवग्याचा पाला परतायची. शेवगा तेवढा त्या साली हिरवा होता. ताक मिळेल तेव्हा प्यायची. पोट भरायचं, पण भूक जायची नाही. शेजारच्या चुलीवर भाकर भाजल्याचा वास आला की मी उठून गोठ्यामागं जाऊन उभी राहायची. हातपाय बारीक दिसायला लागले होते. खरंच लेकरू उपाशी असेल का, हा विचार डोक्यात शिरला की निघायचा नाही. मग मी पोटावर हात ठेवून हलण्याची वाट बघायची.

कामावर मजुरांना सुकडी वाटायचे, भाजलेल्या पिठाची, गूळ घातलेली. सासूबाई आपल्या वाट्याची सुकडी तिथं खायच्या नाहीत. पदराच्या टोकाला बांधून माझ्यासाठी घरी आणायच्या. दिवसभर उन्हात घण मारलेली बाई, ओठ सुकलेले, आणि गाठ सोडून माझ्यापुढं हात करायची.

"घे."

"आत्याबाई, त्यात गूळ आहे."

"गूळ हाये म्हनूनच आनली."

"मला चालत नाही."

पहिल्या दिवशी त्या तशाच हात पुढं धरून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती माझ्या पानाशेजारी ठेवली. नंतर त्या नुसती गाठ सोडायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि पुन्हा बांधून ठेवायच्या. त्या काही बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

आठवड्यातून एकदा मी गोठ्यामागं नळी उकळायची. सासूबाईंना त्याची किळस होती, त्या तिकडं फिरकायच्याही नाहीत. पहिल्यांदा पिवळं आलं. पुढच्या खेपेला हिरवं. मग एकदा जवळजवळ निळंच राहिलं. मी नळी उन्हात धरून कितीतरी वेळ बघत बसले. ते दाखवावं असं घरात कुणी नव्हतं.

सातव्या महिन्यात सासूबाईंनी शेजारच्या चार बायकांना जेवायला बोलावलं. डोहाळजेवण म्हणावं असं त्यात काही नव्हतं, दिवसच तसे नव्हते. पण त्यांनी कुठून कुठून गहू आणि गूळ जमवला होता आणि पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. मला आधी काही सांगितलं नाही. बायका भिंतीला टेकून बसल्या. माझ्यापुढं ताट आलं, दोन पोळ्या, वर तूप. ते तूप घरात कधीपासून होतं मला ठाऊक नव्हतं.

"खाय," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. त्यातल्या एकीच्या मांडीवरचं पोर ताटाकडे हात करत होतं. तोंडाला इतकं पाणी सुटलं होतं की मला बोलता येईना. मी ताट हातभर पुढं सरकवलं.

"आत्याबाई, मला माफ करा. मी खाणार नाही."

सासूबाई उभ्याच होत्या. मग त्या बायकांकडे वळून हळूच म्हणाल्या, "पाह्यलं? पह्यलंबी असंच मारलं इनं."

मी उठून आत गेले. बाहेर जेवणं झाली की नाही मला माहीत नाही. बायका निघून गेल्या तेव्हा अंगणात नुसता पायांचा आवाज आला.

शनिवारपर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. यजमान आले तसं सासूबाईंनी सांगून टाकलं, "इले इच्या बापाकडं नेऊन घाल. माह्या डोयापुढं दुसरं जाऊ देनार नाई मी."

ते उंबऱ्यावर टेकले. शांत माणूस, आईपुढं आवाज न चढवणारा. म्हणाले, "माय, सोमवारी तू माह्यासंगं वाशीमले चाल. जे इचारायचं ते त्या बाईलेच इचार. मंग तू म्हनशीन तसं करू."

"मी काहून येऊ?"

"तुलेच पटलं पाह्यजे म्हनून."

सोमवारी आम्ही तिघं गेलो. दवाखान्यात सासूबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "बाई, तुमी इले उपाशी काहून ठेवून राह्यल्या?"

बाईंनी मला तपासलं, नळी उकळली. हिरवट निळं. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, "पहिलं मूल तुम्ही हातात घेतलं होतं?"

"मीच घेतलं होतं. मीच धुतलं."

"कसं होतं?"

सासूबाईंनी दोन्ही हात पुढं केले, जणू त्यावर काही ठेवलेलं आहे. "जड होतं. लई जड. खांदे असे भरलेले."

"उपाशी मूल असं असतं का?"

सासूबाईंचे हात तसेच राहिले.

बाई चिडल्या नव्हत्या. त्यांनी सावकाश सांगितलं. आईच्या रक्तात साखर वाढली की ती लेकराला जाते. लेकरू नुसतं अंगानं वाढतं, आतून मात्र ताकद येत नाही. शेवटी शेवटी कधी कधी एकदम जातं. भाकर, भात, गूळ पोटात गेलं की साखरच होते. म्हणून ते कमी. "ही अंडं खात नाही, ते मलाही आवडलेलं नाही. पण डाळ आणि दाण्यांवर तिनं निभावलं आहे. तुमची सून उपाशी नाही. तुमचा नातूही उपाशी नव्हता."

परतीच्या गाडीत सासूबाई खिडकीशी बसल्या. मालेगाव मागं पडलं. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे ते भुकेनं नाई गेलं?"

"नाही, आत्याबाई."

"मले वाटे, ते आत रडत असन." त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, तोंडावर धरला. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशीपासून त्यांची सुकडी शेजारच्या घरी जायला लागली. तिथं एक मुसलमान म्हातारी होती, तिच्याकडे दोन शेळ्या होत्या. सुकडीच्या बदल्यात ती माझ्यासाठी पेलाभर दूध द्यायची. टोपलीत आता भाकरीचा चतकोरच असायचा, सासूबाईंनी स्वतः मोडलेला. कुणी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला तर त्या तो उचलून घ्यायच्या. नळी उकळायची वेळ झाली की गोठ्याच्या कोपऱ्यावर येऊन उभ्या राहायच्या, नाकाला पदर लावून. "काय रंग हाये?" एवढंच विचारायच्या.

आठव्या महिन्यात एकदा रंग नारिंगी आला. मी काही वावगं खाल्लं नव्हतं. आम्ही दोघी नळीकडे बघत राहिलो. आदल्या दिवशीचा घास न् घास सासूबाईंनी माझ्याकडून मोजून घेतला, चूक काही सापडली नाही. त्यांनी कामावर जाणं टाकलं आणि मला घेऊन वाशीमची गाडी धरली.

बाईंनी मला परत पाठवलं नाही. दवाखान्यातच ठेवून घेतलं, चतकोर भाकरीचाही अर्धा केला. रंग खाली आला, पण त्या रोज पोटाला नळा लावून लेकराचे ठोके ऐकायच्या. सासूबाई दवाखान्याच्या मागं चूल मांडून माझं रांधायच्या. नववा लागून थोडे दिवस झाले तेव्हा बाई म्हणाल्या, "आता वाट बघायची नाही. मागचं गेलं ते शेवटच्या दिवसांतच." त्यांनी सलाईन लावून कळा सुरू केल्या.

मला त्या दिवसाचं सगळं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की लेकरू बाहेर आलं आणि आवाज आला नाही. मी सासूबाईंचा हात धरला होता. मग एक बारीक आवाज आला, पुन्हा आला, आणि मग थांबेना.

मुलगी होती. बारीक, लांब हातापायांची.

तासाभरात ती सुस्त पडायला लागली. हात थरथरायचे, तोंड उघडेना. बाई आल्या, बघितलं आणि नर्सला म्हणाल्या, "साखरेचं पाणी आण. लवकर."

सासूबाई पाळण्याच्या आडव्या आल्या. "साखर नाई. साखर नाई देऊ देनार मी."

"आजी, सरका."

"तुमीच सांगतलं होतं."

"आईला नको होती. हिला आता पाहिजे. आईकडून येत होती ती एकदम बंद झाली, म्हणून हिची साखर खाली गेली आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला तरी काय कळत होतं. पण बाईंचं इतके दिवस ऐकलं होतं, आता कुणाचं ऐकणार होते. मी म्हणाले, "देऊ द्या, आत्याबाई."

त्या बाजूला झाल्या, पण नजर काढली नाही. नर्स कापसाच्या वातीनं थेंब थेंब सोडत होती. बराच वेळ मुलगी ओठही हलवेना. मग तिनं वात चोखली. नर्सनं वात पुन्हा बुडवली आणि सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती मुलीच्या ओठांना लावली. संध्याकाळपर्यंत मुलीनं डोळे उघडले आणि माझ्या अंगाला लावल्यावर दूध ओढलं.

माझ्या लघवीतली साखर काही दिवसांत गेली. पुढं उतारवयात ती परत आली आणि आता कायमची आहे, तो वेगळा भाग. तेव्हा मात्र आम्ही गाडीनं घरी आलो, मुलगी सासूबाईंच्या मांडीवर. शेजारच्या बायका बघायला आल्या, त्यात पुरणपोळीच्या दिवशी आलेल्याही होत्या. एकीनं दुपटं बाजूला केलं आणि म्हणाली, "लईच बारीक हाये वो पोरगी."

"हाये," सासूबाई म्हणाल्या. "बारीकच पाह्यजे होती." आणि त्यांनी दुपटं पुन्हा नीट गुंडाळलं.