गोकुळची उलटी पट्टी

राहू गावचा गोकुळ कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात बॉयलरवर होता. माणूस सरळ, पण एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. बॉयलरला तेल लागायचं, म्हणून तेलातलं आपल्याला कळतं ही त्याची ठाम समजूत. "जे रोज जाळतो त्याचा भाव आपल्याला न्हाई कळणार तर कुणाला?" असं तो कॅन्टीनमध्ये छाती काढून सांगायचा. मोबाईलवरून त्यानं वीज कंपन्यांचे, सौर पॅनेलवाल्यांचे थोडे शेअर घेतले होते. त्यात चार पैसे सुटले आणि गडी हवेत गेला.

थोरली बहीण सुवर्णा केंदूरला दिलेली. तिचा नवरा, लेक सृष्टीचा बाप, साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. विम्याचे चार लाख आले, ते तिनं सासरी कुणाला न सांगता भावाच्या हाती ठेवले.

"सृष्टीच्या नर्सिंगचं हायेत. तिची बारावी झाली की घेईन," एवढंच ती म्हणाली. कागद नाही, सही नाही. भावाकडं कुणी कागद मागतं का?

मग २०२० चा एप्रिल आला. लॉकडाऊन लागलेला होता, जगभर गाड्या थांबल्या, तेल कुणालाच नको झालं. भाव रोज आपटत होता. गोकुळनं ते चार लाख दलालाच्या खात्यात भरले आणि कच्च्या तेलाच्या शंभर पिंपांचा सौदा घेतला, पिंपाला साडेनऊशे रुपयांनी. घेतला त्याच दिवशी त्या सौद्याची मुदत संपत होती. रात्री अमेरिकेत जो भाव ठरेल त्यावर नफातोटा व्हायचा. नफा झाला तर सृष्टीची फी भरून वर तिला स्कूटीही घ्यायची, असं त्यानं मनात ठरवून टाकलं होतं.

"लई तर लई फुकट व्हईल," तो जोडीदाराला म्हणाला. "पंच्याण्णव हजार जातील. फुकटाच्या खाली काय असतंय?"

सकाळी शिफ्ट सुटली आणि फाटकापाशीच दलालाच्या ऑफिसातून फोन आला.

"सर, भाव उणे दोन हजार आठशेच्याही खाली गेला."

"उणे म्हंजी?"

"तेल साठवायला जागाच नाही सर. तेल घेऊन जा म्हणून विकणाराच पैसे देतोय. तुमच्या खात्यातले तीन लाख ऐंशी हजारांच्या वर गेलेत."

गोकुळनं फोन कापला आणि खात्यातली शिल्लक उघडून पाहिली.

वर्षभर त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. सृष्टी बारावी झाली आणि सुवर्णा पैसे न्यायला राहूला आली, तेव्हा अंगणात, वडिलांसमोर, त्याला तोंड उघडावं लागलं. त्यानं सगळं सांगितलं. रडला. सुवर्णा रडली नाही. तिनं विचारलं,

"फुकटाच्या खाली काय नसतंय, असं वाटलं व्हय तुला?"

"ताय, कुणाला ठावं असतंय..."

"दादांच्या कांद्याला उलटी पट्टी आली, तवा तूच टेम्पोत व्हतास ना रे?"

होता. दहावीत होता तेव्हा. दादांनी, म्हणजे या दोघांच्या वडिलांनी, पुण्याच्या मार्केटात कांदा विकला. गाडीभाडं, हमाली, तोलाई कापली, तर आडत्यालाच वर दोनशे बारा रुपये द्यायचे निघाले. अशा बिलाला इकडं उलटी पट्टी म्हणतात. शेंबडं पोरसुद्धा ती ओळखतं. दादांनी टेम्पोवाल्याकडून हातउसने घेऊन ते पैसे भरले, आणि गोकुळ शेजारी उभा राहून बघत होता. मोबाईलवर आकडे दिसले आणि पठ्ठ्या कांदाच विसरला.

दादा उठले आणि अनवाणीच रानाकडं निघून गेले. सुवर्णा संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. भावाला तिनं शिवी दिली नाही, शाप दिला नाही. दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

सृष्टीचं नर्सिंग राहिलं ते राहिलंच. आता ती आजोळी राहते आणि कुरकुंभलाच, मामाच्या शेजारच्या कंपनीत, गोळ्यांची पाकिटं भरते. दवाखान्यात पांढऱ्या कपड्यांत फिरायची स्वप्नं पाहिलेली पोरगी. दोघांची बस एकच. ती आधी चढते, खिडकीशी बसते आणि शेजारच्या सीटवर डबा ठेवते.

"मामा, या. जागा धरलीय," ती म्हणते.

"असू दे बाळा," म्हणत गोकुळ मागं जातो आणि दांडा धरून कुरकुंभपर्यंत उभा राहतो. तीन वर्षं झाली. ती अजून रोज जागा धरते.